महाग तार, स्वस्त तार : अटलांटिकचा तळ ते टीव्हीची मागची बाजू

१/
दुकानाच्या काउंटरवर दोन एचडीएमआय केबल ठेवल्या आहेत. दोन्हींची लांबी दोन मीटर. एकीची किंमत ३०० रुपये, दुसरीची ३,०००. विक्रेता सांगतो की महाग केबलने रंग खुलतात, काळा अधिक गडद दिसतो, चित्राला खोली येते. यावर विश्वास ठेवावा का? हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. वस्तुतः तो सुमारे १७० वर्षे जुना आहे, आणि त्याचे पहिले विश्वसनीय उत्तर हाती येईपर्यंत लाखो पौंड समुद्राच्या तळाशी गेले होते. आजचा धागा त्या उत्तराच्या शोधाचा.

२/
१८५१ मध्ये डोव्हर आणि कॅले यांच्या दरम्यान समुद्राखालून तार टाकण्यात आली आणि ती चालली. तांब्याचा संवाहक, त्याभोवती गटापर्चा या मलायी झाडाच्या चिकाचे आवरण आणि बाहेर लोखंडी तारांचे चिलखत, अशी तिची रचना होती. अंतर थोडे होते, त्यामुळे संदेश सुरळीत जात. परंतु लांबच्या तारांमध्ये एक विचित्र गोष्ट ध्यानात येऊ लागली. या टोकाला दिलेला विजेचा नेमका ठोका त्या टोकाला पसरट, ओघळलेल्या रूपात पोहोचे. एक ठोका संपण्यापूर्वी दुसरा त्याच्यावर चढे आणि अक्षरे एकमेकांत मिसळून जात.

३/
१८५४ मध्ये मायकेल फॅरडे यांनी याचे कारण सांगितले. आत तांबे, बाहेर समुद्राचे पाणी आणि मध्ये विद्युत्‌रोधक आवरण : म्हणजे संपूर्ण तार हीच एक प्रचंड लांबीची लेडन बरणी झाली. ती आधी भरावी लागते, मगच पलीकडे काही पोहोचते. ग्लासगोचे तरुण प्राध्यापक विल्यम थॉमसन (हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झाले) यांनी त्याला गणिताचे रूप दिले. तारेची लांबी दुप्पट केली की तिचा विरोधही दुप्पट होतो आणि वीज साठवण्याची क्षमताही दुप्पट होते. म्हणून विलंब दुप्पट होत नाही, चौपट होतो. हाच तो ‘वर्गाचा नियम’.

४/
नियमातून उपायही निघत होता. तांबे जाड करा, म्हणजे विरोध घटेल. गटापर्चाचा थर जाड करा, म्हणजे साठवण घटेल. पण तांबे महाग होते आणि गटापर्चा त्याहूनही चिंतेची बाब होती. दोन हजार मैलांच्या तारेत प्रत्येक मैलामागे शंभर रतल धातू वाढवायचा, म्हणजे हिशेबाची वही पार बदलून जाते. येथे ‘महाग तार घ्यावी का?’ हा प्रश्न इतिहासात प्रथमच गंभीरपणे उभा राहिला. विशेष म्हणजे, या प्रसंगी शास्त्राचे उत्तर ‘होय’ असे होते.

५/
थॉमसन यांना विरोध केला तो वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी. ते ब्रायटनचे शल्यचिकित्सक. विजेचे प्रयोग स्वतःच्या खर्चाने, चिकाटीने करणारे. १८५६ मध्ये चेल्टनहॅम येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांनी आपल्या मोजमापांच्या आधारे वर्गाचा नियम चुकीचा ठरवला. त्यांच्या मते पातळ तार पुरेशी होती. फक्त ढकलणारी वीज जोरदार हवी. त्याच वर्षी लंडनमध्ये जमिनीखालच्या अनेक तारा एकमेकींना जोडून सुमारे दोन हजार मैलांची वाट तयार करण्यात आली आणि सॅम्युएल मोर्स यांच्या उपस्थितीत तिच्यातून संकेत पाठवले गेले. ते पोहोचले. गुंतवणूकदारांना आणखी काय हवे होते?

६/
व्हाइटहाउस यांना आज मूर्ख ठरवणे सोपे आहे. तो अन्याय होईल. त्या काळी विरोध मोजण्याचे सर्वमान्य एकक अस्तित्वात नव्हते. प्रत्येक प्रयोगशाळेची स्वतःची फूटपट्टी होती. दोन विद्वान परस्परविरुद्ध आकडे मांडत असतील, तर कोणाचा आकडा खरा हे ठरवण्याचे साधनच समाजाकडे नव्हते. अशा वेळी निर्णय कोण घेतो? ज्याचे उत्तर स्वस्त आणि लवकर अमलात येणारे असते, त्याचा विजय होतो. अटलांटिक टेलिग्राफ कंपनीत नेमके हेच घडले.

७/
१८५६ च्या अखेरीस स्थापन झालेल्या या कंपनीचे भांडवल साडेतीन लाख पौंड होते आणि तिच्यामागे अमेरिकन व्यापारी सायरस फील्ड यांची घाई होती. पुढल्याच उन्हाळ्यात तार टाकायची होती. थॉमसन संचालक मंडळावर आले तेव्हा तारेची मागणी नोंदवूनही झाली होती : प्रत्येक सागरी मैलामागे १०७ रतल तांबे आणि २६१ रतल गटापर्चा. थॉमसन यांच्या गणिताने याहून कितीतरी जाड तांबे आवश्यक होते. व्हाइटहाउस कंपनीचे विद्युत्‌तज्ज्ञ म्हणून नेमले गेले होते. चर्चा संपली होती.

८/
घाईचे परिणाम लगेच दिसले. अर्धी तार ग्रिनिचच्या एका कारखान्यात आणि अर्धी बर्कनहेडच्या दुसऱ्या कारखान्यात तयार झाली. दोघांनी बाहेरचे लोखंडी चिलखत परस्परविरुद्ध दिशांनी पिळले. दोन्ही तुकडे सरळ जोडले असते, तर ताणाखाली एकाचा पीळ दुसऱ्याने सोडवला असता; म्हणून भर समुद्रात जोडण्यासाठी खास युक्ती करावी लागली. आजच्या भाषेत बोलायचे, तर प्रमाणित रचनाच नव्हती. पैसा खर्च झाला होता, परंतु त्या पैशातून नेमके काय विकत घेतले, हे कोणी तपासले नव्हते.

९/
याच सुमारास थॉमसन यांनी आणखी एक महत्त्वाचा शोध लावला. बाजारात ‘उत्तम तांबे’ म्हणून मिळणाऱ्या निरनिराळ्या नमुन्यांची विद्युत्‌वाहकता त्यांनी १८५७ मध्ये मोजली. वरून एकसारखे दिसणारे तांबे वीज वाहून नेण्याच्या बाबतीत मोठ्या फरकाचे निघाले. थोडीशी अशुद्धता पुरे होती. रंग, चकाकी, पुरवठादाराचे नाव यांपैकी कशावरूनही ते ओळखता येत नव्हते. ओळखण्याचा मार्ग एकच, मोजणे. पुढे प्रत्येक तुकड्याची वाहकता तपासूनच माल स्वीकारावा हा आग्रह रूढ झाला. ग्राहकाच्या इतिहासातील हा मोठा क्षण आहे, असे मला वाटते.

१०/
१८५७ चा प्रयत्न तार तुटल्याने फसला. उरलेली तार हिवाळाभर प्लिमथला पडून राहिली. गटापर्चा उष्णतेने मऊ पडतो. काही ठिकाणी आतले तांबे मध्यभागातून सरकून कडेला आले होते. अशा तारेवर १८५८ च्या उन्हाळ्यात पुन्हा मोहीम निघाली आणि अनेक अपयशांनंतर ५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड जोडले गेले. अमेरिकेत उत्सव झाला. न्यूयॉर्कमध्ये आतषबाजी इतकी झाली की सिटी हॉलच्या घुमटाने पेट घेतला.

११/
आणि आता या कथेतील माझा सर्वांत आवडता तपशील. उरलेली तार ‘टिफनी’ या न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध जवाहिऱ्याने विकत घेतली, तिचे चार-चार इंचांचे तुकडे केले, टोकांना पितळी पट्ट्या बसवल्या आणि सायरस फील्ड यांच्या सहीच्या प्रतीसह प्रमाणपत्र देऊन प्रत्येक तुकडा ५० सेंटला विकला. जिच्यातून एक अक्षरही जाणार नव्हते अशी तार, सुंदर वेष्टनात, अस्सलपणाच्या दाखल्यासह! दाखला खराच होता. तो तारेच्या कुळाचा होता, कामगिरीचा नव्हता. हा फरक लक्षात ठेवा. शेवटी उपयोगी पडेल.

१२/
१६ ऑगस्टला राणी व्हिक्टोरियाचा संदेश अध्यक्ष ब्यूकॅनन यांना पाठवण्यात आला. शब्द जेमतेम शंभर. वेळ लागला सुमारे १६ तास. म्हणजे एका शब्दाला जवळजवळ दहा मिनिटे. व्हाइटहाउस यांनी पाच-पाच फुटांची प्रवर्तन-वेटोळी लावून तारेत सुमारे २,००० व्होल्टचा दाब दिला होता. आधीच दुबळ्या झालेल्या आवरणाला तो सोसला नाही. दुसरीकडे थॉमसन यांनी वेगळा मार्ग धरला : वीज अत्यल्प द्यायची, पण ओळखणारे यंत्र अतिशय संवेदनशील करायचे. लहानशा चुंबकावर आरसा, त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका आणि तो डावीकडे-उजवीकडे सरकताना वाचणारा माणूस.

१३/
ही तार काही आठवडेच जगली, पण तेवढ्यात तिचा एक धागा थेट हिंदुस्थानशी जोडला गेला. १८५७ च्या उठावामुळे कॅनडातील दोन ब्रिटिश पलटणींना परत बोलावण्याचे आदेश निघाले होते. उठाव ओसरल्यावर ते रद्द करायचे होते. ऑगस्टअखेर ही रद्दबातल आज्ञा तारेने गेली आणि सैन्य हलवण्याचा सुमारे ५०,००० पौंडांचा खर्च वाचला. एका निरोपाने कंपनीच्या भांडवलाच्या सातव्या हिश्शाएवढी बचत! साम्राज्याला तारेची खरी किंमत तेव्हा कळली. सप्टेंबरच्या आरंभी मात्र तार मुकी झाली. मुळात ती कधी चाललीच नव्हती, सगळा बनाव होता, असेही लोक म्हणू लागले.

१४/
धडा मिळाला का? नाही. उठावानंतर हिंदुस्थानशी संपर्क हवाच होता. १८५९-६० मध्ये सुएझ, एडन, कराची अशी तांबड्या समुद्रातून तार टाकण्यात आली. भांडवल आठ लाख पौंड. ब्रिटिश सरकारने भागधारकांना ५० वर्षे साडेचार टक्के परताव्याची हमी दिली होती. तार अल्पावधीतच निकामी झाली. हमी मात्र जिवंत राहिली. मेलेल्या तारेचे वर्षाला ३६,००० पौंड, आणि तेही सार्वजनिक तिजोरीतून. न तपासलेल्या वस्तूची किंमत नेहमी विकत घेणाराच देतो असे नाही. कधी ती पुढच्या पिढीवर पडते.

१५/
आता सरकार आणि कंपनी या दोघांनी मिळून चौकशी समिती नेमली. कॅप्टन डग्लस गॉल्टन तिचे अध्यक्ष, आणि चार्ल्स व्हीटस्टन यांच्यासारखे शास्त्रज्ञ सदस्य. १८६१ मध्ये अहवाल आला. तोवर जगात टाकलेल्या ११,३६४ मैल समुद्री तारांपैकी केवळ सुमारे ३,००० मैल चालू होत्या. समितीने दोष एकट्या व्हाइटहाउसच्या माथी मारला नाही. घाईची निर्मिती, हलगर्जी हाताळणी, चाचण्यांचा अभाव, या सर्वांवर तिने बोट ठेवले. समुद्री तार अशक्य नाही. तपासून बनवली आणि सांभाळून टाकली तर ती टिकते, हा तिचा निष्कर्ष होता.

१६/
त्याच वर्षी, १८६१ मध्ये, ब्रिटिश असोसिएशनने विद्युत्‌विरोधाचे प्रमाणित एकक ठरवण्यासाठी समिती नेमली. त्यातूनच पुढे ओहम घडला. शाळेत आपण ओहमचा नियम पाठ करतो तेव्हा हे कोणी सांगत नाही की या एककामागे समुद्रतळाशी पडलेल्या तारांचे कर्ज आहे. आता ‘चांगली तार’ हे विशेषण राहिले नाही. करारात आकडा लिहिता येऊ लागला आणि त्या आकड्याला न उतरणारा माल परत पाठवता येऊ लागला.

१७/
१८६५ च्या नव्या अटलांटिक तारेत प्रत्येक सागरी मैलामागे ३०० रतल तांबे आणि ४०० रतल गटापर्चा होता. तांबे जवळजवळ तिप्पट! ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने ती टाकायला घेतली, पण वाटेत तुटली. २७ जुलै १८६६ रोजी दुसरी तार यशस्वी झाली आणि पाठोपाठ आदल्या वर्षीची तार समुद्रतळातून उचलून तीही पूर्ण करण्यात आली. आरंभीचा दर २० शब्दांना २० पौंड इतका होता, आणि वेग मिनिटाला सहा ते आठ शब्द. येथे महाग तारेने आपली किंमत वसूल केली, कारण प्रत्येक जादा रतलामागे गणित होते.

१८/
त्या दोन तारांवर लॅटिमर क्लार्क यांनी एक विलक्षण प्रयोग केला. न्यूफाउंडलंडला दोन्ही तारांची टोके जोडून त्यांनी समुद्र ओलांडून परत येणारी वाट तयार केली. आयर्लंडच्या टोकाला शिवणकामाचे चांदीचे टोपण घेतले, त्यात थोडेसे आम्ल आणि जस्ताचा तुकडा टाकला, आणि एवढ्याशा विद्युत्‌घटाने संकेत अटलांटिक ओलांडून परत आले. व्हाइटहाउसचे २,००० व्होल्ट आणि हे टोपण शेजारी ठेवून पाहा. तार योग्य असेल आणि वाचणारे यंत्र चाणाक्ष असेल, तर बळाची गरज उरत नाही.

१९/
१८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ मुंबईला आले आणि येथून एडनपर्यंतची तार टाकून गेले. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई ते इंग्लंडमधील पोर्थकर्नो ही समुद्री वाट पूर्ण झाली. त्याआधी इराणी आखातामार्गे आणि तुर्की मुलखातून येणाऱ्या निरोपांना दिवसच्या दिवस लागत आणि मजकूर वाटेत विद्रूप होई. आता उत्तर काही मिनिटांत येऊ शकत होते. लिव्हरपूलच्या कापूसभावावर डोळे लावून बसणाऱ्या मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी हा काळाचा पालट होता. मराठीत ‘तार’ हा धातूचा शब्द निरोपाचा शब्द झाला, आणि ‘तार आली’ म्हणताच घरात धस्स होऊ लागले.

२०/
या यशाची एक बाजू जमाखर्चात दिसत नाही. १८५७ ची तार सुमारे २,५०० सागरी मैलांची होती. म्हणजे एका तारेलाच साडेसहा लाख रतलांच्या आसपास गटापर्चा लागला. एका झाडातून मिळणारा चीक थोडका, आणि तो काढण्यासाठी झाडच तोडले जाई. मलाय द्वीपकल्पातील आणि आसपासच्या बेटांवरील अरण्यांनी या जाळ्याची किंमत दिली. पॉलिथिन आल्यावरच गटापर्चाची सद्दी संपली. तार ‘महाग की स्वस्त’ हे विचारताना कोणासाठी, हेही विचारावे लागते.

२१/
आता विसाव्या शतकात येऊ. दूरध्वनी आणि दूरचित्रवाणी यांनी तारेपुढे निराळे संकट उभे केले. आवाज आणि चित्र अखंड तरंगाच्या रूपाने जात. त्यामुळे तारेचा प्रत्येक दोष थेट कानाला आणि डोळ्याला जाणवे. जुन्या ॲनालॉग व्हिडिओ केबलमध्ये दर्जाचा फरक खरोखर दिसत असे : चित्र मवाळ होई, सावल्या उमटत, रंग सरकत. ‘चांगल्या तारेने चित्र खुलते’ ही समजूत त्या काळाची आहे, आणि त्या काळापुरती ती खरी होती.

२२/
१९३८ मध्ये ॲलेक रीव्ह्ज यांनी आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो पाठवण्याची कल्पना पेटंटबद्ध केली. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी सिद्ध केले की गोंगाट असलेल्या वाटेवरूनही, तिच्या क्षमतेच्या मर्यादेत राहिल्यास, माहिती हवी तितकी बिनचूक नेता येते. १९५० मध्ये रिचर्ड हॅमिंग यांनी चूक पकडून दुरुस्त करणाऱ्या संकेतांची पद्धत मांडली. आता पलीकडच्या टोकाला एकच प्रश्न सोडवायचा होता : आले ते शून्य की एक? संकेत थोडा मळला, तरी उत्तर तेच. थॉमसन यांच्या आरशावरचा ठिपका डावीकडे की उजवीकडे, हाच तो प्रश्न.

२३/
डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयचे पहिले मानक आले. (संस्थापक सात कंपन्यांत एक ‘थॉमसन’ होती, पण तिचे नाव एलिह्यू थॉमसन यांच्यावरून, आपले विल्यम नव्हेत!) पहिल्या आवृत्तीची क्षमता सेकंदाला ४.९५ गिगाबिट, २०१३ च्या आवृत्तीची १८, तर २०१७ च्या २.१ ची ४८ गिगाबिट. या तारेतून ‘रंग’ जात नाहीत. प्रत्येक बिंदूचे आकडे जातात. आकडे नीट पोहोचले, तर ३०० रुपयांच्या आणि ३,००० रुपयांच्या तारेतून आलेले चित्र एकच असते. ‘जवळजवळ एकच’ नव्हे, एकच.

२४/
मग डिजिटल तार बिघडत नाही का? बिघडते, पण वेगळ्या रीतीने. पडद्यावर चांदण्यांसारखे ठिपके लुकलुकतात, चित्र क्षणभर जाते, आवाज तुटतो किंवा पडदा काळाच राहतो. तिला उतार नाही, कडा आहे. कड्याच्या अलीकडे सर्व ठीक, पलीकडे सर्व गेले. काळा रंग ‘किंचित फिका’ दिसणे हा या तारेचा आजारच नव्हे. तो दिसला तर टीव्हीच्या सेटिंग्ज तपासाव्यात.

२५/
कडा कोठे येतो? येथे १८५० च्या दशकातील शहाणपण परत येते. कारणाचे भौतिकशास्त्र आता निराळे आहे, पण लांबी आणि वेग हेच शत्रू आहेत. फुल एचडी चित्राला ६० फ्रेमवर सुमारे ४.४६ गिगाबिट लागतात; ४के चित्राला त्याच गतीने १७.८२. दोन मीटरवर फुल एचडी कोणतीही धड बनवलेली तार नेते. तीच तार दहा मीटर लांब करून तिच्यातून ४के मागितले, तर ती कोलमडू शकते. तेथे जाड तांबे, उत्तम कवच किंवा प्रकाशतंतूची केबल यांवर जादा पैसे देणे रास्त आहे.

२६/
म्हणून खरेदीचा नियम १८६१ च्या समितीचाच : किंमत पाहू नका, चाचणी पाहा. फुल एचडीला साधी ‘हाय स्पीड’ पुरते. ४के आणि ६० फ्रेमसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, तर ४८ गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हा अधिकृत शिक्का असावा. पाकिटावरील लेबल ॲपने पडताळता येते. सोन्याचा मुलामा टोकांना गंजापासून वाचवतो, चित्राला सोनेरी करत नाही. घरी आणल्यावर सर्वोच्च रिझोल्यूशनवर तासभर चालवा. ठिपके नाहीत, खंड नाही, तर त्यापुढचा प्रत्येक रुपया चित्रासाठी नाही.

२७/
थोडक्यात, १८५७ मध्ये स्वस्त तार घेणे चूक होते आणि आज दोन मीटरसाठी महाग तार घेणे चूक आहे. दोन्ही चुकांचे मूळ एकच : ज्याला मोजता येते, त्याविषयी मतावर विसंबणे. व्हाइटहाउस काटकसर विकत होते, आजचा विक्रेता वैभव विकतो. ग्राहकाच्या हाती तेव्हा एकक नव्हते. आपल्या हाती आहे, आणि ते मिळवण्यासाठी बरेच काही बुडाले आहे. टिफनीचा तुकडा घ्यायचा असेल तर आनंदाने घ्यावा. फक्त तो दागिना म्हणून घ्यावा, तार म्हणून नव्हे.

धागा समाप्त. तुमच्या घरी जुनी ‘तार’, म्हणजे कागदावरची, जपून ठेवलेली असेल, तर तिचे वर्ष आणि गाव खाली जरूर लिहा. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पुढचा धागा तिच्यावरच लिहीन म्हणतो.